खान्देशातल्या जादूगारांची महिन्याची बैठक: कुठे, कशी, आणि नियम काय?

तापीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून जादू करणारे आपण बरेच आहोत. कोणी शाळांचे आणि वाढदिवसांचे कार्यक्रम करून घर चालवतो, कोणी दिवसभर दुकान किंवा शाळा सांभाळून रात्री आरशासमोर पत्ते घेऊन बसतो. पण एकत्र बसायची सवय आपल्याकडे नाही. ज्याची त्याची पेटी, ज्याचं त्याचं कुलूप.

यात तोटा आपलाच आहे. आरसा फक्त समोरून बघतो. डाव्या टोकाला बसलेल्या माणसाला काय दिसतं ते तो सांगत नाही. शिवाय आरशासमोर सराव करणाऱ्याला एक खोड हमखास लागते: नेमक्या चोरट्या क्षणी पापणी मिटायची. स्वतःची चूक स्वतःला बघायची नसते म्हणून डोळा मिटतो आणि प्रयोग स्वच्छ झाला असं वाटत राहतं. ही खोड दुसरा जादूगारच पकडून देऊ शकतो.

जगातल्या मोठ्या संस्था लहान खोल्यांतूनच निघाल्या. १९०२ साली न्यूयॉर्कमध्ये मार्टिंका यांच्या जादूच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ‘सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्स’ सुरू झाली. लंडनच्या ‘मॅजिक सर्कल’ची पहिली बैठक १९०५ साली एका उपाहारगृहात झाली. ‘इंटरनॅशनल ब्रदरहुड ऑफ मॅजिशियन्स’ १९२२ची. तिच्या गावोगावच्या शाखांना ‘रिंग’ म्हणतात. दहा-बारा जणांची खोली आपल्यालाही पुरेल.

माझा प्रस्ताव अमळनेरचा. सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा, धरणगाव, जळगाव, भुसावळ हे सगळे सरळ गाडीने येतात. धुळेकरांना एसटी आहे, चाळीसगावकरांना पारोळ्यावरून रस्ता. महिन्याचा दुसरा रविवार, दुपारी दोन ते पाच.

तीन प्रश्नांवर मत हवं. बैठकीत नेमकं काय करायचं? नवख्याला कधी घ्यायचं? आणि धंदा करणारे व हौशी यांचं एकमेकांशी कसं जमवायचं?

---

बावन्नपत्ती

तापीकाठ भाऊ, जागा योग्य आहे. पहिल्या प्रश्नावर लिहितो, कारण बहुतेक मंडळं इथेच ढेपाळतात. लोक जमतात, चहा होतो, प्रत्येक जण आपली नवी वस्तू दाखवतो, बाकीचे ‘वा’ म्हणतात आणि घरी जातात. शिकलं कोणीच नाही.

खुर्च्या अर्धगोलात मांडा. दोन्ही टोकांच्या खुर्च्या प्रयोग करणाऱ्याच्या खांद्याच्या रेषेत हव्यात, म्हणजे जवळजवळ बाजूलाच. आणि एक जण खाली सतरंजीवर. हा सतरंजीवरचा माणूस सगळ्यात महत्त्वाचा, कारण आपल्या जिल्हा परिषद शाळांत पोरं जमिनीवर बसतात आणि आपण ओट्यावर उभे असतो. त्यांची नजर खालून वर येते. टेबलाच्या कडेखालचं, बाहीच्या तोंडातलं, अर्ध्या वळलेल्या तळहातातलं त्यांना दिसतं. मोठ्या माणसांसमोर वर्षभर चाललेला प्रयोग तिसरीच्या वर्गासमोर उघडा पडतो तो यामुळे.

प्रयोग पाच ते सात मिनिटांचा. मध्ये थांबायचं नाही. पत्ता पडला, गाठ अडकली, तरी शेवटापर्यंत न्यायचं. सावरता येणं हाही कसबाचाच भाग आहे आणि त्याचा सराव इथेच होतो.

संपल्यावर दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. प्रत्येकाने चिठ्ठीवर तीन ओळी लिहायच्या: काय घडलं, नजर हातावर कुठे गेली, कंटाळा कुठे आला. पहिली ओळ साधी वाटते, पण तीच सगळ्यात जास्त शिकवते. ‘रुमाल मुठीत गेला आणि अंडं झालं’ असं एका वाक्यात सांगता आलं तर प्रयोग उभा आहे. चार चिठ्ठ्यांवर चार वेगळ्या गोष्टी आल्या तर हात कितीही सफाईदार असोत, रचनाच गोंधळाची आहे. त्यातला एखादा टप्पा कापायला हवा.

चिठ्ठ्या करणाऱ्याच्या हातात द्यायच्या. त्याने त्यातली एकच निवडून तिच्यावर चर्चा मागायची. चर्चेत ‘मी हे असं करतो’ हे वाक्य बंद. ते एकदा सुरू झालं की ज्याचा प्रयोग चालला होता तो बाजूला राहतो.

उरलेल्या वेळात एकच पकड (वस्तू तळहातात लपवून धरायची तऱ्हा) किंवा एकच हालचाल, सगळ्यांनी मिळून, चाळीस मिनिटं. नाण्याची घ्या. परदेशी पुस्तकं अमेरिकन अर्धा डॉलर धरून लिहिलेली असतात. त्याचा व्यास साधारण ३०.६ मिमी. आपलं दहाचं नाणं २७ मिमी, वजन ७.७१ ग्रॅम. म्हणजे पुस्तकात दाखवलेल्या जागी ते सैल बसतं आणि बोटं नकळत आकसतात. जागा थोडी अंगठ्याच्या बाजूला सरकवून आपापल्या हातात शोधावी लागते. कस लावायचा तर नाणं पकडीत ठेवूनच चहाचा कप उचलायचा, नाव लिहायचं, समोरच्याला टाळी द्यायची. हात ‘काहीतरी धरलेला’ दिसला तर पकड अजून कच्ची आहे. अंतराचंही भान ठेवा. दहाचं नाणं तिसऱ्या रांगेपलीकडे दिसत नाही, त्यामुळे ते बैठकीच्या खोलीचं, सभागृहाचं नव्हे.

---

पेटीवाला

वरच्या रचनेला पूर्ण सहमत. मी साहित्याबद्दल लिहितो, कारण खान्देशातला एप्रिल-मे वेगळा असतो. पारा ४४-४५च्या घरात गेला की पेटीतल्या निम्म्या वस्तू वेगळ्या वागायला लागतात.

पत्ते: गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेला कॅट धनुष्यासारखा वाकतो. वरच्या आणि खालच्या थराची ओल सारखी सुटत नाही म्हणून. उलट्या बाजूला हलका वाकवून, दोन जड पुस्तकांत रात्रभर दाबून ठेवला तर बराचसा सरळ होतो. पोकर मापाचा पत्ता ६३ × ८८ मिमी, ब्रिजचा ५७ × ८८. बोटं लहान असतील तर ब्रिजच घ्या, त्यात कमीपणा नाही. पूर्ण प्लास्टिकचे गुळगुळीत पत्ते मात्र नकोत. पंख्यासारखे एकसारखे उघडत नाहीत आणि पिसताना सटकतात.

हात: कोरड्या उन्हाळ्यात कातडी इतकी सुकते की नाणं आणि पत्ता पकड घेत नाही. पाण्यात चार-पाच थेंब ग्लिसरीन घालून हाताला चोळा आणि दहा मिनिटांनी पुसा. जुलैत उलटी तऱ्हा, घामाने पत्ते चिकटतात. तेव्हा टाल्कम पावडर लावू नका. काळ्या कोटावर पांढरे ठसे उठतात आणि हात कुठे गेला होता ते सगळ्यांना कळतं. सुती रुमाल खिशात ठेवा आणि दर प्रयोगानंतर पुसा.

स्पंजचे गोळे: साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा. उन्हात वाळवले की वर्षभरात भुगा पडतो. करण्याआधी ओल्या बोटांनी एकदा दाबले की पकड येते.

रुमाल: शंभर माणसांसाठी १८ इंची हवा, ९ इंची फक्त टेबलाजवळच्या कामाला. अस्सल रेशीम घ्या. पॉलिएस्टर दाबला जात नाही, आणि सोडला की उसळून उलगडतो. कोरड्या हवेत घर्षणाने वीज साठून रुमाल बोटांना चिकटतो. ओलसर हात फिरवला की सुटतो.

दोरी: सुताची, विणलेली, आतला गाभा ओढून काढलेली. गाभा राहिला तर गाठ फुगीर बसते. टोकांना पांढरा फेव्हिकॉल लावून वाळवला की उसवत नाहीत. नायलॉन नको.

फुगे: पिळून प्राणी करायचे ते २६०चे, म्हणजे फुगल्यावर २ इंच जाड आणि ६० इंच लांब. सावलीत टम्म फुगवून उन्हात नेले की आतली हवा प्रसरण पावते आणि फुगा फुटतो. गडद रंगाचा आधी. उन्हाळ्यात शेपूट नेहमीपेक्षा चार बोटं जास्त रिकामी सोडा.

मेण: चिकटवायचं मऊ मेण मे महिन्यात वितळून कपड्याला लागतं. त्याची डबी गार पाण्याच्या बाटलीला लावून ठेवा.

भडकणारा कागद: हा नायट्रोसेल्युलोज असतो आणि ओला ठेवायचा असतो. सुकवलेला साठा उन्हाळ्यात पेटीत ठेवणं म्हणजे पेटीत आग ठेवणं. रेल्वेत ज्वलनशील वस्तू नेणं गुन्हाही आहे. बैठकीला गाडीने येणाऱ्यांनी आणूच नये. शाळेत तर कधीच नाही.

प्रयोगातल्या पाण्याच्या पितळी लोट्याचं सांगायचं तर आपल्याकडचं पाणी जड आहे. कार्यक्रम झाल्यावर भरलेला तसाच ठेवला की आत क्षार धरतो. [संपादित] महिन्यातून एकदा व्हिनेगर पाण्यात मिसळून अर्धा तास भरून ठेवा, मग स्वच्छ पाण्याने तीनदा धुवा आणि पालथा घालून पूर्ण वाळवा.

---

संपादक

पेटीवाला दादा, लोट्याची रचना सांगणारं एक वाक्य काढलं आहे. राग नसावा, बाकी माहिती मोलाची आहे. सगळ्यांनाच विनंती: साहित्याची निगा, सराव, रचना, नियम यांवर मोकळेपणाने लिहा. एखादा प्रयोग कशामुळे होतो ते उघड्या धाग्यावर नको. इथे कोणीही वाचतं.

---

पेटीवाला

अगदी बरोबर केलंत. माझ्या लक्षात यायला हवं होतं.

---

गिरणाई

दोन गोष्टी राहिल्यात.

पहिली कपड्यांची. सगळी पुस्तकं कोटाचे खिसे धरून लिहिलेली. साडी किंवा पंजाबी ड्रेसमध्ये काम करणाऱ्या मुलीने काय करायचं, याचा विचार बैठकीत झाला पाहिजे. उपाय शिंप्याकडेच आहे. कुर्त्याच्या बाजूच्या शिवणीत साधारण १५ × १८ सेंमीचा खिसा लावायचा. हात सैल सोडल्यावर मधलं बोट जिथे टेकतं तिथे खिशाचं तोंड आलं पाहिजे, वर नको. वर असेल तर कोपर वाकतं आणि बघणाऱ्याची नजर तिकडे जाते. तोंड पुढच्या बाजूला तिरकं कापायचं आणि कडेला आतून बकरम (ताठ अस्तर) लावायचं, म्हणजे खिसा उघडा राहतो. बकरम नसेल तर कापड मिटतं आणि बोटं चाचपडतात. कापड गडद आणि छापील घ्या, एकरंगी फिक्या कापडात वजन लोंबतं ते दिसतं. साडीला कमरेला वेगळा बटवा बांधावा लागतो, पण त्यासाठी पदर कुठल्या हालचालीत सरकतो ते आधी बघायला हवं.

दुसरी गोष्ट वेळेची. पाचला संपवायचं म्हणजे पाचलाच. परतीची एसटी चुकली की पुढच्या महिन्यात मुलींना घरून सोडणार नाहीत. आणि बैठकीत मुलींना पेटीत शिरण्यापुरतं बोलावू नका. त्यांचा स्वतःचा पाच मिनिटांचा प्रयोग असू द्या.

---

बावन्नपत्ती

गिरणाई ताई, खिशाच्या तोंडाची उंची सांगितलीत ती कोटालाही लागू आहे. बहुतेक तयार कोटांचे खिसे दोन बोटं वरच असतात. पहिल्या बैठकीत चाळीस मिनिटांचा विषय हाच ठेवू या.

---

सातपुडा

भाषेबद्दल. आपल्यातले बरेच जण हिंदी सीडीवरून पाठ केलेलं बोलणं जसंच्या तसं म्हणतात. धुळे, साक्री, अमळनेर भागात अहिराणीत बोला, फरक लगेच दिसेल. ‘दखा भाऊ, मना हातमा काहीच नही’ म्हटलं की पोरं हातांकडे बघायचं सोडून तोंडाकडे बघतात. आपल्याला तेच हवं असतं. गुप्त हालचाल कधीही वाक्याच्या मध्यात करू नका. प्रश्न विचारा, ‘रुपया कथा गया?’ (रुपया कुठे गेला?), आणि पोरं ओरडत असतील त्या दीड-दोन सेकंदांत करा. उत्तर देणारा माणूस त्या वेळी बघत नसतो.

पण अहिराणी सगळीकडे नाही. रावेर-यावलकडे लेवा बोली आहे. तळोदा, अक्कलकुवा, धडगावला भिली आणि पावरी बोलणारी मुलं आहेत. मराठी अजून शिकत असलेल्या पहिली-दुसरीच्या वर्गात बोलण्यावर उभा असलेला प्रयोग घेऊच नये. दोरी, रुमाल, कड्या असे बघून कळणारे घ्या आणि स्थानिक शिक्षकाकडून पाच-सहा शब्द नीट उच्चारून शिकून घ्या. बैठकीत निरनिराळ्या तालुक्यांचे लोक असतील, तेव्हा बोलणं तपासून घ्यायला याहून चांगली जागा नाही.

---

तापीकाठ (धागाकर्ता)

सुंदर चर्चा. आता दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ या. नवखे, दर, उसनवारी.

---

लांबबाही

नवख्यांबद्दल. मॅजिक सर्कलमध्ये आत यायला प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा द्यावी लागते किंवा अभ्यासपूर्ण निबंध लिहावा लागतो. त्यांचं लॅटिन ब्रीद आहे, त्याचा आशय असा की गुपित बोलून दाखवणं ज्याला जमतच नाही तो. आपल्याला परीक्षेचा थाट नको, पण पायरी हवी. तीन बैठका नुसतं बघायला आणि चिठ्ठी लिहायला येऊ द्या. चौथ्या वेळी त्याने एक प्रयोग पूर्ण करून दाखवायचा, वस्तू साधी असली तरी चालेल. ज्याला फक्त ‘ते कसं होतं’ एवढंच हवं असतं तो तिसऱ्या बैठकीपर्यंत टिकत नाही, आणि ज्याला खरोखर शिकायचं असतं त्याच्या चिठ्ठ्या वाचूनच कळतं.

दुसऱ्याच्या कामाबद्दल नियम कडक हवा. दुकानातून वस्तू विकत घेतली म्हणजे वस्तू तुमची झाली. दुसऱ्या जादूगाराने तिच्याभोवती रचलेलं बोलणं, क्रम, शेवट तुमचा होत नाही. आवडलं तर विचारा. नाही म्हणाला तर सोडून द्या. बैठकीचं चित्रीकरण फक्त करणाऱ्याच्या स्वतःच्या मोबाइलवर, गटात टाकायचं नाही.

दर हा दुखरा विषय आहे. हौशी माणूस ओळखीत फुकट कार्यक्रम करतो तेव्हा त्या गावातल्या शाळेला वाटतं की जादू फुकटच असते. पुढच्या वर्षी पोट भरणाऱ्याला तिथे कोणी विचारत नाही. म्हणून हौशींनी फुकट करायचं तर अनाथाश्रम, रुग्णालय, मूकबधिर शाळा इथेच. बाकी ठिकाणी चालू दराने घ्या किंवा काम धंदेवाल्याकडे पाठवा.

धंदेवाल्यांनीही बदल्यात दोन गोष्टी कराव्यात. एक म्हणजे बदली. आजारी पडलात तर मंडळातला दुसरा जाईल, त्या दिवसाचं मानधन त्याचं, पण ती शाळा तुमचीच. त्याने तिथे स्वतःचं कार्ड वाटायचं नाही. दुसरी, वही. कोणत्या शाळेत कोणता शेवटचा प्रयोग कोणी केला ते लिहायचं आणि वर्षभर तिथे दुसऱ्याने तोच शेवट करायचा नाही.

कार्यक्रम ठरवताना लेखी घ्यायच्या गोष्टी: तारीख, वेळ, मुलांची अंदाजे संख्या, किमान १२ × १० फुटांची जागा, सावली, वीज, प्रवासखर्च, आगाऊ रक्कम. सावली विसरू नका. सूर्य तुमच्या पाठीमागे असला तर पोरांचे डोळे दिपतात आणि रुमालातून उजेड आरपार येतो. पाठीशी भिंत हवी. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत संपवा.

---

पेटीवाला

उसनवारीसाठी: देताना सगळे भाग सतरंजीवर पसरून फोटो, भागांची मोजणी, दोघांच्या सह्या. हरवलेल्या भागाचे पैसे घ्यायचे नाहीत, भागच करून आणायचा. एक स्प्रिंग नसली तर पूर्ण पेटी निकामी होते, पैशाने ती चालत नाही. आणि पात्याची उपकरणं, बोट किंवा मान कापल्यासारखी दाखवणारी, उसनी द्यायचीच नाहीत. त्यांची कळ ज्याच्या हातात रोज आहे त्यानेच वापरावीत, आणि शाळेतल्या मुलावर तर कोणीच नाही.

---

अनेरकाठ

मी अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यक्रम करतो. आमच्यासारख्यांना बैठकीत जागा आहे का? आम्ही तर उघड करूनच दाखवतो.

---

लांबबाही

जागा आहेच, आणि रेषाही स्पष्ट आखता येते. १९८९ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. तेव्हापासून गावोगाव भोंदूंचे चमत्कार करून आणि समजावून दाखवले जातात. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदाही फसवणूक आणि शोषण करणाऱ्यांसाठी आहे, रंगमंचावरच्या कलेसाठी नाही. जो ‘ही माझी शक्ती’ म्हणतो त्याची युक्ती उघडी करावी. जो ‘ही माझी कला’ म्हणतो त्याची झाकलेली राहू द्यावी. आपणही कार्यक्रमाच्या सुरुवातीला ही हातचलाखी आणि सराव आहे असं मराठीत आणि अहिराणीत सांगावं. त्याने रंगत कमी होत नाही.

---

अनेरकाठ

मान्य. मग मी उपयोगी पडेल असं एक सांगतो, हे आम्ही जाहीरच दाखवतो. मंत्राने होम पेटवण्यात पोटॅशियम परमँगनेट आणि ‘तूप’ म्हणून ग्लिसरीन असतं. डिसेंबरात ते पेट घ्यायला वेळ लावतं आणि नवखा काय झालं म्हणून वाकून बघतो. मेमध्ये तेच खूप लवकर पेटतं. पूड बारीक असेल तर आणखी लवकर. दोन्ही वेळा तोंड लांब ठेवायचं, प्रमाण चिमूटभर, बाजूला वाळूची बादली. मुलांना हात लावू द्यायचा नाही.

---

सातपुडा

आणखी एक. मदारी, गारुडी मंडळींना बोलवा. सारंगखेड्याच्या यात्रेत, आठवडी बाजारात डमरू वाजवून वाटी-गोळीचा खेळ करणारे आता थोडे उरलेत. टेबल नाही, पडदा नाही, चारही बाजूंनी माणसं. त्यांना टोकाच्या खुर्चीची भीतीच नसते, कारण ते रोज टोकांनी वेढलेले असतात. १९५९च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यात सार्वजनिक जागी खेळ करून पैसे मागणंही भीक मागण्यात धरलं जातं, त्यामुळे हे लोक सतत दबून असतात. बोलावलं तर प्रवासखर्च आणि मानधन ठरवून द्या, बसायला खुर्ची द्या, आणि त्यांचा खेळ मोबाइलवर टिपू नका. त्यांच्या घराण्याची तीच पुंजी आहे.

पक्ष्यांचंही लिहून ठेवा. आपला देशी पोपट वन्यजीव कायद्याखाली येतो, पाळताच येत नाही. कबुतर कार्यक्रमात वापरायचं तर प्राणी खेळांच्या २००१च्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते. खान्देशच्या उन्हात कोटाच्या आत पक्षी ठेवणं तसंही क्रूर आहे.

---

गिरणाई

सातपुडा दादांच्या मदारी मंडळींच्या मुद्द्याला +१. फक्त त्यांना पहिल्याच बैठकीत नको. आधी आपली शिस्त बसू द्या, नाहीतर पाहुण्यासमोर आपलाच गोंधळ दिसेल. तिसऱ्या बैठकीला बोलवू.

---

तापीकाठ (धागाकर्ता)

ठरलं तर. महिन्याचा दुसरा रविवार, अमळनेर, दुपारी दोन ते पाचच्या ठोक्याला. बारा खुर्च्या आणि एक सतरंजी. तीन प्रयोग, चिठ्ठ्या, मग खिशाचा विषय. वर्गणी चहा आणि खोलीच्या भाड्यापुरती, जमेल तशी वाटून. फेब्रुवारीची बैठक मात्र रविवार न बघता २३ तारखेला ठेवू. पी. सी. सरकार यांचा जन्म २३ फेब्रुवारी १९१३चा आणि देशभर तो दिवस जादू दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी एखाद्या आश्रमशाळेत सगळ्यांनी मिळून कार्यक्रम करू.

पहिल्या तीन प्रयोगांसाठी नावं द्या.

---

बावन्नपत्ती

एक माझं. नाण्यांचं, सहा मिनिटं. डाव्या टोकाला कडक माणूस बसवा.

---

गिरणाई

दुसरं माझं. रुमालाचं. सोबत शिवलेला खिसा आणि बकरमचे तुकडे आणते, ज्यांना हवेत त्यांनी कोटाचं माप घेऊन या.

---

पेटीवाला

प्रयोग पुढच्या वेळी. यावेळी सतरंजीवर मी बसतो. दोरी गाभा काढून आणतो, १० मीटर, कात्रीसकट.